जुने डोके, नवे डोके

दिवाळी जवळ आली की पूर्वी आळीच्या तोंडाशी कल्हईवाला भाता मांडून बसत असे. घराघरांतून पातेली, पराती, तपेली बाहेर निघत आणि प्रत्येक भांड्यापुढे एक लहानसा खटला उभा राही. बूड पातळ झालेल्या पातेल्याला डाख देऊन, कल्हई करून ते आणखी चार वर्षे चालवायचे, की मोडीत घालून, वर थोडे पैसे टाकून नवे घ्यायचे? सासू जुन्याच्या बाजूची, सून नव्याच्या बाजूची, आणि कल्हईवाला मात्र दोघींनाही म्हणे, "आधी घासून तर बघू." आता वाटते, त्या तिघांत शहाणपणाचे बोलणारा तोच होता.

हाच खटला, पण पुष्कळ मोठ्या रकमेचा, मोटारदुरुस्तीच्या गॅरेजात नेहमी चालतो. तिथे पातेल्याच्या जागी इंजिनाचे हेड असते. इंजिन तापले, पाणी तेलात उतरले, गाडी घाटात धापा टाकू लागली की मिस्त्री हेड उतरवतो आणि मालकाला विचारतो, "हेच करून देऊ, की बाजारातले नवे घालू?" बहुतेक मालक इथे गोंधळतात. मी शाळेत इतिहास शिकवतो. पाठ्यपुस्तकांत लढायांना आणि तहांना भरपूर जागा असते, यंत्राच्या झाकणाला ती नसते. परंतु या एका झाकणाचा प्रश्न माणसापुढे कधी आणि कसा उभा राहिला हे पाहू गेल्यास गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा बराच इतिहास हाताला लागतो. म्हणून फराळाबरोबर आज तोच विषय वाचकांपुढे ठेवतो.

हेड म्हणजे काय, हे प्रेशर कुकर वापरणाऱ्या गृहिणीला वेगळे सांगायला नको. कुकरचे भांडे म्हणजे सिलिंडर, त्याचे झाकण म्हणजे हेड आणि मधली रबरी रिंग म्हणजे गॅस्केट. रिंग विरली किंवा झाकण वाकले की वाफ बाजूने फुसफुसते आणि डाळ कच्ची राहते. फरक इतकाच की इंजिनात वाफेऐवजी पेट्रोलचे स्फोट होतात. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर त्या झाकणाखाली मिनिटाला सहा हजार स्फोट होतात. शिवाय झाकणाच्या पोटातून थंडाव्यासाठी पाणी खेळवलेले असते आणि आजच्या बहुतेक इंजिनांत हवा आत घेणारे व धूर बाहेर टाकणारे व्हॉल्व्हही त्यातच बसवलेले असतात. आग, पाणी आणि वारा या तिघांना एका हातभर लांबीच्या ओतीव तुकड्यात शेजारी नांदवायचे, म्हणजे भांडण व्हायचेच. तेव्हा इंजिनात प्रथम दुखणे निघते ते पुष्कळदा इथेच.

पहिल्यावहिल्या मोटारींत मात्र हे झाकण बहुधा सुटे नसे. सिलिंडर आणि त्याचे डोके एकसंध ओतलेले असे. उपड्या घातलेल्या पेल्यासारखे, खाली उघडे व वर बंद. भरवशाचे गॅस्केट त्या काळी मिळत नव्हते, म्हणून सांधाच नको, अशी ती युक्ती होती. व्हॉल्व्ह काढायचा तर त्याच्या डोक्यावरचे आट्यांचे बूच फिरवून त्या भोकातून काढावा लागे. आणि आतली काजळी नीट खरवडायची तर अख्खा सिलिंडर तळावरून उचलावा लागे. डोक्याला तडा गेला तर सिलिंडरसकट सारेच बाद. अशा स्थितीत जुने डोके ठेवू की नवे आणू, हा प्रश्न उद्भवतच नव्हता. जे झाकण निघतच नाही, ते बदलणार कसे?

तो प्रश्न सामान्य माणसाच्या दारात आणून ठेवला हेन्री फोर्डने. १ ऑक्टोबर १९०८ रोजी अमेरिकेत डेट्रॉइट शहरी त्याची 'मॉडेल टी' ही गाडी बाजारात आली. चारही सिलिंडर एकाच ठोकळ्यात ओतलेले आणि त्यांच्यावर एकच सुटे हेड, पंधरा बोल्टांनी आवळलेले. मध्ये तांब्याच्या पत्र्याचे गॅस्केट. पाना घेऊन बोल्ट सोडले की इंजिनाचे पोट उघडे. सुटे हेड काही फोर्डनेच प्रथम केले असे नव्हे, पण शेतकऱ्याच्या कोठारापर्यंत ते नेले त्याने. कंपनीने मालकांसाठी एक पुस्तिका छापली होती, ती चक्क प्रश्नोत्तरांच्या रूपात. आमच्या शाळेतल्या मुलांची गाइडे असतात तशी. काजळी कशी काढावी, व्हॉल्व्ह कसे घासावेत, हे सारे त्यात गाडीच्या मालकाला समजावून दिलेले होते.

या फोर्डला पोरवयात घड्याळे उघडून दुरुस्त करण्याचा नाद होता. शेतावरच्या घरात बसून शेजाऱ्यापाजाऱ्यांची घड्याळे तो चालती करून देई. परंतु हाच मुलगा मोठेपणी निराळ्याच विचारावर आला. १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनात त्याने लिहून ठेवले आहे की, सुटे भाग इतके स्वस्त करायचे की जुना दुरुस्त करत बसण्यापेक्षा नवा विकत घेणेच परवडावे; खिळ्यामोळ्यांसारखे ते हार्डवेअरच्या दुकानात मिळावेत.

हा विचार त्याला लहरीखातर सुचलेला नव्हता. १९१३ साली त्याच्या हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकत्या साखळीवर मोटारी जोडणे सुरू झाले. गाडीचा सांगाडा जोडायला पूर्वी साडेबारा तास लागत, ते काम पुढच्या वर्षी दीड तासाच्या आसपास आले. जानेवारी १९१४ मध्ये त्याने मजुराला दिवसाला पाच डॉलर देण्याचे जाहीर केले. आता हिशेब करून पाहा. कारखान्यात एक हेड तयार व्हायला माणसाची मिनिटे लागणार; तेच हेड गॅरेजात दुरुस्त करायला माणसाचे तास लागणार. आणि माणसाचा तास तर दिवसेंदिवस महाग होत चाललेला. साहजिकच लोखंड स्वस्त आणि हात महाग, असे त्या देशाचे गणित झाले. आणि हात महाग असला की जुने टाकून नवे घेणे हेच शहाणपण ठरते. २६ मे १९२७ रोजी दीड कोटीवी मॉडेल टी कारखान्यातून बाहेर पडली, तोवर हे शहाणपण त्या समाजाच्या अंगवळणी पडले होते.

पण सुट्या झाकणाची एक गंमत आहे. ते मालकाला काढता येते, तसे परक्याला बनवताही येते. पंधरा भोके कुठे आहेत आणि पाण्याच्या वाटा कुठून जातात, एवढे मापून घेतले की कोणीही त्या ठोकळ्यावर बसेल असे हेड ओतू शकतो. तसे पुष्कळांनी ओतले. मूळ कारखान्याबाहेर तयार झालेल्या सुट्या भागांचा बाजार आज आपण पाहतो, त्याची भरभराट या मॉडेल टीच्याच अंगाखांद्यावर झाली. यातले काही नुसते स्वस्त माल विकणारे होते. काही मात्र असे निघाले की, त्यांनी मूळ हेडपेक्षा सरस हेड करून दाखवले. आणि त्यांत सर्वांत नामांकित जोडी कोणाची असावी? शेव्हरोले बंधूंची!

लुई शेव्हरोले हा मूळचा स्वित्झर्लंडचा, १८७८ साली जन्मलेला. तरुणपणी फ्रान्समध्ये तो सायकली दुरुस्त करी आणि शर्यतीत पळवी. पुढे अमेरिकेत येऊन तो मोटारशर्यतींतला नामवंत झाला. १९११ साली ड्युरंट नावाच्या उद्योजकाने त्याच्या नावाने मोटार कंपनी काढली. दोघांचे लवकरच बिनसले आणि लुई बाहेर पडला. नाव मात्र कंपनीकडेच राहिले. आपल्याच नावाची गाडी आता दुसऱ्याची झालेली, अशा स्थितीत त्याने आर्थर आणि गॅस्टन या भावांसह 'फ्रॉन्टेनॅक' या नावाने शर्यतीच्या गाड्या बांधायला घेतल्या. १९२० साली गॅस्टनने इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत जिंकली आणि त्याच वर्षी दुसऱ्या एका शर्यतीत अपघात होऊन तो गेला.

या दुःखानंतर उरलेल्या दोघा भावांनी जे काम हाती घेतले ते फोर्डच्या गाडीसाठी हेडे बनवण्याचे. फोर्डच्या मूळ हेडमध्ये व्हॉल्व्ह नव्हतेच. ते खाली ठोकळ्यात, सिलिंडरच्या कुशीला असत, त्यामुळे हवेला वळसा घालून आत यावे लागे. शेव्हरोले बंधूंनी व्हॉल्व्ह वर, हेडमध्येच आणले. जुने हेड उतरवायचे, हे नवे चढवायचे. ठोकळा तोच, बोल्टांची भोके तीच, पण गाडी ओळखू येणार नाही इतकी चपळ. १९२३ साली इंडियानापोलिसच्या शर्यतीत असले हेड बसवलेली फोर्डची गाडी पाचवी आली. शेतावर भाजीच्या टोपल्या वाहणाऱ्या इंजिनाने खास शर्यतीसाठी जन्मलेल्या गाड्यांच्या पंगतीत पाचवे पान मिळवावे, ही काही लहान गोष्ट नव्हे. फोर्डच्या प्रतिस्पर्धी कंपनीला ज्याचे नाव, त्याच्याच हातचे डोके फोर्डच्या धडावर! आपल्या गणपतीची कथा कोणाला आठवली तर नवल नाही. १९४१ साली लुई वारला, तेव्हा त्याच्या नावाच्या गाड्या जगभर धावत होत्या, आणि त्या नावावर मालकी दुसऱ्यांची होती.

म्हणजे पहिल्या वीस वर्षांतच तिन्ही वाटा स्पष्ट झाल्या होत्या. जुने करून घ्या, मूळ कारखान्याचे नवे घ्या, किंवा तिऱ्हाइताने केलेले नवे घ्या. यातली कोणती वाट धरायची हे अमेरिकेत जसे ठरले तसेच सगळीकडे ठरेल असे मानण्याचे मात्र कारण नव्हते. आणि हे सिद्ध झाले आपल्या मुंबईत.

फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीने १९२६ साली हिंदुस्थानात आपली कंपनी उभी केली. १९२८ साली जनरल मोटर्सने शिवडीला परदेशातून आलेले भाग जोडून मोटारी तयार करण्यास सुरुवात केली. भाग सारे बाहेरचे, जोडणी तेवढी इथली. हिंदुस्थानात मोटार मुळापासून तयार व्हावी, हे स्वप्न विश्वेश्वरय्या आणि वालचंद हिराचंद यांच्यासारख्यांनी तिशीच्या दशकातच पाहिले होते. परक्या सरकारने त्याला हात दिला नाही. अखेर १९४४ साली वालचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्याचा कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर, १९५३ साली, मोटारीचे भाग इथेच तयार करण्याची योजना ज्यांच्यापाशी आहे त्यांनीच इथे राहावे, असे सरकारचे धोरण ठरले. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी लौकरच गाशा गुंडाळला.

त्यांच्या गाड्या मात्र रस्त्यावरच राहिल्या. कारखाना समुद्रापलीकडे, आयातीवर निर्बंध, परकीय चलनाची टंचाई, आणि नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबायचे. फोर्डच्या देशात लोखंड स्वस्त व हात महाग. इथे नेमके उलटे. इथे नवे हेड म्हणजे दुर्मीळ वस्तू, आणि हात मात्र हवे तेवढे, तेही कसबी. त्यामुळे तिथे जे मोडीत गेले असते ते इथे पुन्हा पुन्हा जन्म घेत राहिले. आपल्याकडचा मिस्त्री हा काही जन्मजात काटकसरी नव्हता. परिस्थितीने त्याला तसे घडवले. 'भारतीय माणूस काहीही दुरुस्त करतो' असे आपण कौतुकाने म्हणतो, तेव्हा त्या कौतुकाच्या पाठीमागे टंचाईची ही चाळीस वर्षे उभी आहेत, हे विसरू नये.

कुर्ल्याच्या कारखान्यातून पन्नाशीच्या दशकात इटलीच्या फियाटची अकराशे ही गाडी निघू लागली. तीच पुढे १९७४ सालापासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखली गेली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हटले की डोळ्यांपुढे येते ती हीच. हिच्या इंजिनाचा ठोकळा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, आणि हेड अॅल्युमिनियमचे. अॅल्युमिनियम हलके, उष्णता लौकर सोडून देणारे. पण तापले की लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट पसरते. पाण्याची नळी फुटली, चालकाने 'आता गॅरेज जवळच आहे' म्हणून गाडी तशीच दामटली, की मधला भाग भलताच तापतो. कडेचे बोल्ट त्याला पसरू देत नाहीत आणि हेडला बाक येतो. मग गॅस्केट फुंकले जाते, पाणी सिलिंडरात शिरते आणि मागून पांढरा धूर येतो.

यावरचा इलाज मुंबईच्या गल्लोगल्ली होता. हेड उतरवायचे, पट्टी आडवी धरून खालून पातीचे माप सरकवून किती हजारांश इंच बाक आला ते बघायचे, आणि तेवढे घासून तळ पुन्हा आरशासारखा सपाट करायचा. याला 'फेसिंग' म्हणतात. नंतर व्हॉल्व्ह. ते ज्या गोल कडेवर टेकतात तिला मिस्त्री 'सीट' म्हणतो. लाकडी दांड्याच्या टोकाला रबरी वाटी. ती व्हॉल्व्हच्या माथ्याला चिकटवून, मध्ये घासण्याची पेस्ट लावून, दोन्ही तळव्यांत दांडा घुमवायचा, अगदी ताक घुसळण्याच्या लहान रवीसारखा. घासता घासता खरखर कमी होत जाते आणि एका क्षणी आवाज बदलतो. तो बदललेला आवाज ज्याला ऐकू येतो तो मिस्त्री; इतर सगळे मदतनीस. शेवटी वरच्या वाटेने थोडे रॉकेल ओतून ठेवायचे. खाली थेंब उतरला नाही म्हणजे सीट बसली.

मात्र दुरुस्तीलाही अंत आहे, तो सांगितला पाहिजे. प्रत्येक फेसिंगमध्ये धातू कमी होतो. हेड पातळ झाले की स्फोटाची खोली लहान होते, दाब वाढतो आणि इंजिन ठोके देऊ लागते. सुतार लाकूड सुताने मोजतो, म्हणजे इंचाच्या आठव्या हिश्शाने. हेडचे आयुष्य त्या एका सुताइतकेही नसते. तडा गेला तर तो वेल्ड करता येतो, पण तडा कुठे आहे यावर सारे अवलंबून. दोन सीटांच्या मधल्या अरुंद पुलावर, जिथे आग सर्वांत जास्त, तिथला तडा भरला तरी पुन्हा उघडण्याची भीती राहते. आणि पाणी वर्षानुवर्षे गंजट राहिले असेल तर अॅल्युमिनियम आतून खाल्ले जाते. वरून ठणठणीत दिसणारे हेड पाण्याच्या वाटांच्या तोंडाशी किडलेल्या दाढेसारखे निघते.

शिवाय काळाने आणखी एक भर घातली. १९२३ पासून अमेरिकेत पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळत आणि पुढे ती चाल जगभर गेली. इंजिनाचे ठोके थांबावेत म्हणून ते घालत. पण त्याचा एक थर व्हॉल्व्हच्या सीटवर बसून तिची झीजही थांबे. शिसे माणसाच्या, विशेषतः लहान मुलांच्या, मेंदूला घातक, म्हणून ते हळूहळू बंद झाले. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र. ते योग्यच झाले. पण अॅम्बॅसेडरसारख्या गाड्यांच्या बिडाच्या हेडमध्ये सीट त्या बिडातच कापलेली असे. शिशाचे आवरण गेल्यावर ती झिजून खोल जाऊ लागली. मुंबईच्या टॅक्स्या सीएनजीवर गेल्या, तो वायू तर अगदीच कोरडा. उपाय एकच: जुनी सीट कोरून काढायची आणि तिथे कठीण धातूची रिंग ठोकून बसवायची. म्हणजे ज्याला आपण मूळचे हेड म्हणून जपतो, त्यात रिंग नवी, गाइड नवे, व्हॉल्व्ह नवे. जुने ते काय राहिले? ओतलेला सांगाडा. जुन्या-नव्याचा वाद वाटतो तितका सरळ नाही तो असा.

आता बाजारातल्या नव्या हेडकडे वळू. आपल्याकडे 'डुप्लिकेट' या एकाच शब्दात दोन निराळ्या जातींचा माल कोंबला जातो. एक कारखानदार दुसऱ्याच्या इंजिनासाठी स्वतःच्या नावाने भाग बनवतो आणि त्याची जबाबदारी घेतो. ही जात प्रामाणिक आहे, शेव्हरोले बंधूंची आहे. दुसरा मात्र भलत्याच्याच नावाच्या डब्यात आपला माल भरतो. ही सरळ चोरी आहे. पहिल्या जातीचे नवे हेड जुन्यापेक्षा केव्हाही बळकट असू शकते. धातूची पूर्ण जाडी, एकही फेसिंग झालेले नाही, किडीचा मागमूस नाही. पण ओतकामात हवेचे बुडबुडे राहिले, साच्यातला वाळूचा गाभा किंचित सरकून एका बाजूची भिंत पातळ झाली, गाइड आणि सीट यांचा मध्य जुळला नाही, तर नव्याचा नवेपणा पहिल्याच घाटात उतरतो. चांगला मिस्त्री म्हणूनच नवे हेडही आधी उलगडून तपासतो, मग बसवतो. जुने निदान इतकी वर्षे भट्टीत बसून परीक्षा देऊन आलेले असते. पूर्वीचे ओतारी बिडाचे मोठे ओतीव काही महिने उन्हापावसात टाकून ठेवत, त्यातला ताण निघून जावा म्हणून. लोणचे मुरते तसे ते लोखंड मुरे. चालून चालून जुने झालेले हेड हे असे मुरलेले असते, त्याला फूट पडली नसेल तर.

माझ्या एका स्नेह्यांकडे त्यांच्या वडिलांच्या वेळची पद्मिनी आहे. खंबाटकीच्या चढाला पाण्याची नळी फुटली आणि पुढचे सारे वर सांगितल्याप्रमाणे झाले. एका गॅरेजात सांगितले, नवे घाला, दोन दिवसांत गाडी घेऊन जा. दुसऱ्या ठिकाणचा सत्तरीतला मिस्त्री म्हणाला, "साहेब, आधी धुऊन बघू." त्याने हेड रॉकेलने धुतले, पाण्याच्या वाटा पत्र्यांनी बंद करून आत हवा भरली आणि ते गरम पाण्याच्या टाकीत बुडवून दहा मिनिटे नुसता बघत बसला. एकही बुडबुडा आला नाही. मग उंची मोजली. पूर्वी एक फेसिंग झालेले होते, आणखी एकापुरता धातू शिल्लक होता. फेसिंग, नव्या सीटा, नवी गाइडे मिळून खर्च नव्या हेडच्या निम्म्याहून थोडा अधिक आला. पैसे घेताना त्याने सांगितले, "पुढच्या वेळी नवेच घाला. यात आता घासण्याजोगे काही उरले नाही, आणि हे करायला तेव्हा मी असेन-नसेन." मुलगा या धंद्यात नाही का, असे मी विचारले. तो एका कंपनीत संगणकावर बसतो, असे उत्तर आले. त्यात खंत नव्हती, अभिमान होता.

इथे या इतिहासाचे तिसरे पान उलटते. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर ही टॅक्सी राहिली नाही. लोकांनी तिच्या पिवळ्या टपाबद्दल हळहळ व्यक्त केली. तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट चालली होती, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ती म्हणजे तळव्यांत दांडा घुमवून सीटचा आवाज ओळखणारी विद्या. आता आपल्याकडेही लोखंड स्वस्त आणि हात महाग होत चालले आहेत. महाग म्हणण्यापेक्षा दुर्मीळ. फोर्डचे गणित आपल्या दारी शंभर वर्षांनी आले आहे. मजुराचा तास महाग झाला, त्याच्या मुलाला बसायला खुर्ची मिळाली, याचे दुःख कोणी करू नये. पण जाताना ही विद्या काय घेऊन जाते, तेही पाहायला हवे.

त्यासाठी कोल्हापुराकडे पाहावे. त्या भागात गुऱ्हाळांवर आणि विहिरींवर परदेशी ऑइल इंजिने चालत. दुसऱ्या महायुद्धात त्यांचे सुटे भाग येईनासे झाले. ऊस तर थांबणारा नव्हे. तेव्हा तिथल्या मिस्त्र्यांनी मोडका भाग पुढ्यात ठेवून त्याचा लाकडी नमुना केला, वाळूत साचा केला आणि नवा भाग ओतला. नुसती माप घेऊन नक्कल करणाऱ्याची इथे फसगत होते, कारण ओतलेले बीड निवताना आक्रसते, फुटामागे साधारण एक सूत. नमुना तेवढा मोठा करावा लागतो. हे ज्याला ठाऊक, त्याचाच भाग बसतो. दुरुस्तीतून भाग, भागांतून अख्खी इंजिने, आणि त्यातून उद्यमनगरीचे कारखाने असा तो वेल वाढला. आज कोल्हापूरच्या ओतशाळांतून देशोदेशींच्या मोटारींसाठी ओतीव भाग जातात. म्हणजे काल जे जुने हेड घासत होते, त्यांच्याच परंपरेत आज नवे ओतले जाते.

आणि हे एकट्या कोल्हापूरचे नव्हे. फोर्डने आधी घड्याळे दुरुस्त केली, लुई शेव्हरोलेने सायकली. आपल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनीही १८८८ साली बेळगावात सुरुवात केली ती सायकलींच्या दुकानापासून. मोडलेली वस्तू उघडून पाहिल्यावाचून चांगली वस्तू करता येत नाही, इतकेच या तिघांच्या चरित्रांवरून मी मुलांना शिकवू शकतो.

तेव्हा वाचकांपैकी कोणापुढे मिस्त्री तो प्रश्न टाकील, तर माझे सांगणे असे. आधी हेड धुऊन, दाब भरून तपासून घ्या. जुन्याचा खर्च ते उघडल्यावरच कळतो. धातू शिल्लक असेल आणि तडा अवघड जागी नसेल, तर पुढचा प्रश्न, ते करणारा माणूस आहे का? असेल तर जुनेच करून घ्या; आणि जमल्यास घरातल्या एखाद्या मुलाला त्याच्या शेजारी तासभर उभे करा. सगळीच मुले काही मिस्त्री होणार नाहीत. पण झाकणाखाली काय असते हे त्यांनी एकदा पाहिलेले असावे. तसा माणूस नसेल, तर ज्यावर बनवणाऱ्याचे नाव ठसठशीत आहे असे नवे घ्या आणि तेही तपासून बसवा. अडाणी हाताने सुधारलेल्या जुन्यापेक्षा प्रामाणिक हाताने केलेले नवे शंभर पटींनी बरे.